जुनी मर्सिडीज ई-क्लास वॅगन घ्यावी का? निर्णय कसा घ्यावा

अमेरिकेतल्या मराठी घरांत आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी राहायला आले, की पाच सीटची गाडी अपुरी पडू लागते. मिनीव्हॅन नको असते आणि सात सीटची नवी एसयूव्ही परवडत नाही. अशा वेळी मार्केटप्लेसवर किंवा क्रेगलिस्टवर एखादी पंधरा-वीस वर्षांची मर्सिडीज ई-क्लास वॅगन दिसते. आत लाकूड आणि लेदर, डिकीत मुलांसाठी उलट्या तोंडाची दोन सीट, आणि किंमत जुन्या कोरोलाइतकी. या गाडीवर माझा जीव आहे, म्हणूनच सांगतो: नुसती आवडली म्हणून घेऊ नका. खालच्या क्रमाने तपासत जा, आणि कुठल्याही टप्प्यावर उत्तर नकारार्थी आलं तर तिथेच थांबा.

इथे दोन पिढ्यांबद्दल लिहितो आहे. पहिली एस २११, अमेरिकेत मॉडेल वर्ष २००४ ते २००९. दुसरी एस २१२, म्हणजे २०११ ते २०१६.

१. गरज नीट पाहा

मागची दोन सीट मुलांसाठी आहेत. तिथे आजोबांना बसवता येणार नाही, आणि कार सीट लागणाऱ्या लहानग्यांसाठीही ती सोय धरू नका. शाळेत जाणारी, सीटबेल्ट नीट बसेल एवढ्या उंचीची मुलं असतील तर मात्र ती जागा त्यांना सोडवत नाही. ती सीट उघडली की सामानाची जागा संपते, हेही लक्षात घ्या. एअरपोर्टवरून सात माणसं आणि २३ किलोच्या चार बॅगा एका फेरीत येणार नाहीत. तुमची खरी अडचण तीच असेल तर मिनीव्हॅन घ्या.

आणखी एक प्रश्न: घरात दुसरी गाडी आहे का? ही गाडी कधी ना कधी पार्टची वाट बघत आठवडाभर गॅरेजमध्ये उभी राहणार. एकाच गाडीवर सगळं घर चालत असेल तर मी हा व्यवहार करू नका असंच म्हणेन.

२. गाडीच्या आधी मेकॅनिक शोधा

बहुतेक लोक आधी गाडी घेतात आणि पहिला दिवा पेटला की मेकॅनिक शोधायला निघतात. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही. पन्नास हजार डॉलरच्या गाडीचे पार्ट वीस वर्षांनीही त्याच तोलाचे असतात. डीलरच्या दराने ही गाडी सांभाळणं बहुतेकांना झेपणार नाही.

म्हणून जर्मन गाड्यांवर काम करणारं स्वतंत्र गॅरेज आधी गाठा. फोनवर दोनच गोष्टी विचारा. तुमच्याकडे मर्सिडीजची स्वतःची डायग्नॉस्टिक सिस्टीम आहे का? आणि या वॅगनमध्ये तुम्ही स्वतःसाठी कुठलं इंजिन घ्याल? साध्या स्वस्त स्कॅनरला इंजिनचे कोड दिसतात, पण एअर सस्पेन्शन आणि ब्रेकच्या कंप्युटरमध्ये काय नोंदलंय ते बहुधा दिसत नाही. दुसऱ्या प्रश्नाला गॅरेजवाल्याने न अडखळता उत्तर दिलं तर माणूस कामाचा आहे. असं गॅरेज तासाभराच्या अंतरात नसेल तर गाडीचा विचार सोडून द्या.

३. वर्ष आणि इंजिन निवडा

निम्मा निर्णय इथेच होतो, आणि जाहिरातीत नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

एस २११ मध्ये २००६ पर्यंत एसबीसी नावाची इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक सिस्टीम होती. पेडल दाबलं की सिग्नल कंप्युटरकडे जातो आणि पंप दाब देतो. हा पंप आपण किती वेळा काम केलं ते मोजत असतो आणि मर्यादा आली की लाल इशारा देतो. तो बंद पडलाच तर फक्त पुढच्या चाकांना ब्रेक लागतो आणि पेडल जीव खाऊन दाबावं लागतं. कंपनीने अमेरिकेत या भागाची वॉरंटी मूळ विक्रीपासून २५ वर्षांपर्यंत वाढवली आहे. म्हणून व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन डीलरकडे विचारा: ही गाडी त्यात बसते का, आणि पंप बदलल्याची नोंद आहे का. २००७ पासून ही सिस्टीम काढून साधे ब्रेक आले.

आता इंजिन. २००४ आणि २००५ च्या ई३२० मध्ये एम ११२ हे ३.२ लिटरचं व्ही-६ आहे. वेगाची फार अपेक्षा ठेवू नका, पण टिकाऊपणात याचा हात धरणारी इंजिनं थोडी. व्हॉल्व्ह कव्हरमधून तेल पाझरतं, पुढच्या क्रँक पुलीचं रबर सुटतं, आणि प्लग बदलायचे तर एका सिलिंडरला दोन म्हणून बारा घ्यावे लागतात. एवढं सोडलं तर काळजी नाही.

२००६ मध्ये ई३५० आली, एम २७२ इंजिन घेऊन. या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांत बॅलन्स शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या, गिअरचा धातू कच्चा होता. दाते झिजतात, टायमिंग चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तो पार्ट महाग नाही, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि ते बिल गाडीच्या किमतीच्या घरात जातं. इंजिन नंबरचे शेवटचे सहा आकडे ४६८९९३ किंवा त्याहून कमी असतील तर ते इंजिन संशयित समजा. व्ही-८ ई५५० सेडानच्या एम २७३ मध्येही त्याच काळात असाच दोष होता, त्यामुळे गॅरेजवाल्याला तो ठाऊक असतोच. व्हीआयएनवरून डीलरकडे गाडीचं डेटा कार्ड मिळतं, त्यावर इंजिन नंबर असतो.

आता हे दोन्ही एकत्र मांडा. २००६ च्या वॅगनमध्ये एसबीसीही आहे आणि संशयित इंजिनही, म्हणून ते वर्ष मी सरळ वगळतो. २००७ आणि २००८ मध्ये नंबर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, किंवा बॅलन्स शाफ्टचा गिअर बदलल्याची पावती हवी. २००९ मध्ये दोन्ही कटकटी मागे पडलेल्या असतात. माझी पसंती विचाराल तर पहिली २००९, आणि एसबीसीचा निकाल कागदावर लागलेला असेल तर दुसरी २००५.

एस २१२ चं बजेट असेल तर २०११ मध्ये सुधारलेलं एम २७२ आहे, आणि २०१२ पासून एम २७६. या नव्या इंजिनात सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग चेनच्या टेन्शनरमुळे (चेन ताणून धरणाऱ्या भागामुळे) थंड इंजिन स्टार्ट करताना काही सेकंद खडखडाट होतो. तो ऐकायलाच पुढची पायरी आहे.

४. गाडी थंड असताना बघा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थांबून कारण विचारा.

मग मागच्या चाकांकडे जा. या वॅगनला पुढे काहीही असो, मागे हवेचे स्प्रिंग असतात. सामान भरलं तरी गाडी सपाट राहावी म्हणून ते दिलेत. चाकाच्या वरच्या कडेत आणि फेंडरमध्ये किती बोटं मावतात ते दोन्ही बाजूंना बघा. एक बाजू टेकलेली असेल, किंवा मागचा सगळा भाग बसलेला असेल, तर हवा गळते आहे. गाडी चालू केली की कंप्रेसर घरघरत ती उचलेल आणि दहा मिनिटांत सगळं ठीक दिसेल. दुपारी गाडी बघायला जाणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

स्टार्ट करताना रेडिओ आणि एसी बंद ठेवा, काच खाली करा आणि पहिले पाच सेकंद फक्त ऐका. डॅशवरचे सगळे दिवे किल्ली फिरवल्यावर आधी लागले पाहिजेत, मग विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही तर तो लपवलेला असू शकतो.

पायांखालचं कार्पेट चारही ठिकाणी दाबून बघा. सनरूफची नळी तुंबली की पाणी खाली साठतं आणि तिथल्या वायरिंगमध्ये शिरतं. ओलसर कार्पेट आणि कोंदट वास असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पॉवर टेलगेट तीन-चार वेळा उघडा-मिटा, मागची सीट उघडून परत जमिनीत दुमडा.

चालवताना गिअर हलकेच बदलले पाहिजेत. दुसऱ्या-तिसऱ्यात झटका बसत असेल तर मेकॅनिकला सांगायच्या यादीत ते लिहा.

५. कागद आणि तपासणी

मायलेजपेक्षा पावत्यांची फाइल महत्त्वाची. १,५०,००० मैल चाललेली, दर सर्व्हिसची पावती असलेली गाडी मी ८०,००० मैलांच्या कागद नसलेल्या गाडीआधी घेईन. फाइलमध्ये गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची पावती मुद्दाम शोधा. जी माणसं ते करतात ती बाकी सगळंही वेळच्या वेळी करतात, असा माझा अनुभव आहे.

एनएचटीएसए या रस्ता-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या साइटवर व्हीआयएन टाकून राहिलेले रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला परत बोलावलेल्या गाड्या) फुकट बघता येतात. टाकाता एअरबॅगच्या रिकॉलमध्ये ई-क्लासचीही काही वर्षं होती, तेव्हा हे चुकवू नका. कारफॅक्स या गाडीचा इतिहास देणाऱ्या रिपोर्टमध्ये गाडी कुठल्या राज्यांत फिरली ते दिसेल. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कसारख्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली असेल तर मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो लोखंडी सांगाडा) लिफ्टवर चढवून, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायला सांगा. वरून चकाचक असलेल्या गाडीची सबफ्रेम आतून कुजलेली निघू शकते.

मग तुमच्या ठरलेल्या मेकॅनिककडून पूर्ण तपासणी करून घ्या. साधारण १५० ते ३०० डॉलर जातील. विकणारा तपासणीला तयार नसेल तर चर्चा तिथेच संपवा.

६. हिशेब

माझा हिशेब असा: गाडी ७,००० डॉलरची असेल तर किमान ३,५०० डॉलर वेगळे ठेवलेले हवेत, कर्जाने नव्हे. पेट्रोल प्रीमियमच, ९१ ऑक्टेन. विम्याचं कोटेशन आधी मागवा, आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: एवढ्या कमी किमतीच्या गाडीला मध्यम धडक बसली तरी विमा कंपनी ती टोटल करते, म्हणजे दुरुस्त न करता मोडीत काढते, मग तुम्ही आधल्या महिन्यात सस्पेन्शनवर कितीही खर्च केलेला असो.

परत जाताना गाडी भारतात न्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. भारतात आयात होणारी वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. भारतात वॅगनच हवी असेल तर २०१७ मध्ये आलेली व्होल्व्हो व्ही९० क्रॉस कंट्री किंवा २०१८ ची ई-क्लास ऑल-टेरेन सेकंडहँड बाजारात शोधावी लागेल. तिथेही पहिला प्रश्न मेकॅनिकचाच.

७. सौदा आणि पहिला महिना

तपासणीचा कागद समोर ठेवून बोला. त्यातल्या प्रत्येक कामाचा आकडा मेकॅनिककडून लिहून घेतलेला असावा. टायटल (मालकीचा कागद) क्लीन आहे ना आणि त्यावरचं नाव विकणाऱ्याचंच आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.

गाडी घरी आल्यावर लांबच्या ट्रिपला निघू नका. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट हे सगळं आधी बदलून घ्या आणि तारीख लिहून ठेवा. मागचे हवेचे स्प्रिंग कधी बदलले याची नोंद नसेल तर दोन्ही एकदम बदला, कारण एक गेला की दुसरा फार मागे नसतो. त्याच वेळी कंप्रेसरची रिलेही नवी घाला. ती स्वस्त असते, आणि चिकटली तर अख्खा कंप्रेसर जाळते.