उसाच्या फडात पिल्लं सापडली तर: बाऊल, वाघाटी की घरचं मांजर?

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, कागल, करवीर अशा कुठून ना कुठून मोबाईलवर फोटो फिरायला लागतो: ‘फडात बिबट्याची पिल्लं!’ नीट पाहिलं तर अनेकदा ती रानमांजराची निघतात. उलट चूक जास्त महागात पडते. ‘मांजराचंच तर आहे’ म्हणून पिल्लू घरी नेलं जातं आणि रात्री आई रिकाम्या जागेभोवती फिरत राहते. उसात उंदीर असतात, पाणी असतं आणि महिनोन्‌महिने आत कुणी शिरत नाही. मांजरीला विण्यासाठी एवढं पुरतं.

ओळखताना आधी रंग विसरा. घरचं मांजर कुठल्याही रंगाचं असतं आणि करड्या पट्ट्यांचं असेल तर जाणकारही फसतो. शेपटी, पाय आणि कान बघा.

रानमांजर म्हणजे बाऊल. अंग वाळूच्या रंगाचं, ठिपके नाहीत, पाय लांब. उभं राहिलं की शेपटी जेमतेम घोट्यापर्यंत येते. शेपटीच्या टोकाकडं काळी कडी आणि टोक काळं. कानांच्या टोकांवर काळ्या केसांचा बारीक झुपका. घोटाळा पिल्लांमुळे होतो: बाऊलच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके असतात, ते वाढीबरोबर पुसट होतात. बिबट्याची अफवा उठते ती त्यावरूनच. बिबट्याचं नवजात पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, बाऊलचं पाव किलोही नसतं. पंजे अंगाच्या मानानं फारच जाड दिसले तर वाकून बघत बसू नका, माणसं लगेच मागं घ्या.

वाघाटी जगातल्या सगळ्यांत लहान रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी एक ते दीड किलोची. त्यामुळे मोठी वाघाटीसुद्धा ‘पिल्लू’ समजून उचलली जाते. पाठीवर तांबूस गंजासारखे ठिपके, डोळ्यांपासून मानेकडं जाणाऱ्या चार गडद रेघा, कान लहान आणि गोलसर. काही भागांत बिबट मांजरालाही वाघाटीच म्हणतात. ते राधानगरी, आंबा घाट, चंदगडकडच्या जंगलात. त्याचे ठिपके काळे आणि ठसठशीत, कानांच्या मागं पांढरा डाग. उदमांजर आणि जवादी मांजर नावापुरतीच मांजरं, कुळ वेगळं. लांबट, टोकदार तोंडावरून लगेच कळतात.

डोळ्यांच्या रंगावर विसंबू नका, लहानपणी सगळ्यांचे निळसरच असतात.

आता फडात काय करायचं ते. पिल्लं दिसताच ऊसतोड टोळीला त्या बाजूची तोड थांबवायला सांगा. भोवतीच्या चार-पाच सऱ्या उभ्या ठेवा, कुत्री लांब बांधा. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि गावातल्या वनरक्षकाला जागा दाखवा. पिल्लांना हात लावला नाही तर बहुतेकदा आईच रात्रीतून एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते. शेतकऱ्याचं नुकसान म्हणाल तर एका दिवसाची तोड पुढं जाते, एवढंच.

तोड होऊन जागा उघडी पडली असेल तर वनविभागाच्या माणसांबरोबर पुढची तजवीज करा. हातमोजे घाला. फळांचा प्लास्टिकचा क्रेट घेऊन तळाला तिथलंच पाचट पसरा. क्रेट वरून उघडा ठेवा: आईला आत उडी मारता येते, महिन्याच्या आतल्या पिल्लांना बाहेर पडता येत नाही. उन्हात ठेवू नका. थंडीत गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून क्रेटच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लं बाजूला सरकतील. दिवस मावळताना क्रेट मूळ जागेवर किंवा दोन-चार पावलांवर ठेवून सगळ्यांनी निघून जायचं. बॅटरी मारत बांधावर उभं राहिलं तर आई जवळ येत नाही. बेत फसतो तो बहुधा याच उत्साहामुळे. खात्री करायची तर स्वयंचलित कॅमेरा लावा. सगळी पिल्लं एका रात्रीत जातीलच असं नाही. उरलेल्यांना दिवसभर सावलीत ठेवून संध्याकाळी पुन्हा तिथंच नेतात.

या काळात गाईचं किंवा म्हशीचं दूध पाजू नका. त्यातली साखर पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत संपतं. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात तर काहीच घालू नका, आधी ऊब द्या. उताणं धरून ड्रॉपरनं पाजलेलं दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. पिल्लू जखमी असेल, अंगावर माश्या बसत असतील किंवा आई आलीच नाही, तर पशुवैद्यकाकडं न्यायचं काम वनविभागाचं.

घरी पाळायचा विचार मनात आला तरी सोडून द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि बाटलीवर वाढलेलं पिल्लू शिकार शिकत नाही. आपली मांजर आफ्रिकी रानमांजर या वेगळ्या जातीपासून माणसाळली, बाऊल किंवा वाघाटीपासून नव्हे. त्यामुळे ‘हेही माणसाळेल’ या म्हणण्यात दम नाही. तरी बाऊल आणि घरचं मांजर यांचा संकर होऊ शकतो, शिवाय घरच्या मांजरांकडून रेबीज आणि पॅनल्यूकोपेनियासारखे रोग रानात जातात. शेतातल्या मांजरांना लस टोचून घ्या, नसबंदी करून घ्या.

तोड संपल्यावर पाचट पेटवणार असाल तर आधी काठीनं ढीग हलवून बघा. एकाच बाजूनं पेटवा, चारही बाजूंनी नको.