मॉरिशसहून पुण्यात शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना

घरी क्रिओल, शाळेत मराठी हा एक विषय आणि आजीच्या तोंडून ऐकलेली थोडी कोकणी वळणाची बोली, एवढ्या तयारीवर आपल्याकडची मुलं पुण्यात उतरतात. मीही तशीच पदवीसाठी आले आणि पुढे इथेच स्थिरावले. यंदा येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी कागदपत्रं. विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी ई-एफआरआरओ पोर्टलवर भरायचा. त्याला कॉलेजचं बोनाफाइड, म्हणजे तिथे शिकत असल्याचा दाखला, आणि राहत्या जागेचा पुरावा लागतो. म्हणून खोली बघतानाच घरमालकाला विचारा: भाडेकरार नोंदवून देणार का, आणि परदेशी भाडेकरू आल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणार का? ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याची खोली कितीही हवेशीर असली तरी घेऊ नका. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष हॉस्टेलच बरं.

जुलैत आपल्याकडे थंडी असते, इथे धो धो पाऊस. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. स्वेटर इथेच घ्या.

आता मला खरं सांगायचं आहे ते. परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलात आपली मुलं आपसात क्रिओल बोलतात, वर्गात इंग्रजी, आणि तीन वर्षं संपतात तरी पुणं अनोळखीच राहतं. हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं. इतर देशांतल्या मुलांना इथे भाषा पहिल्या अक्षरापासून शिकावी लागते. तुम्ही ती घेऊन येता. आपला उच्चार ऐकून भाजीवाला लगेच हिंदीवर जाईल, रिक्षावाले काकाही जातील. तुम्ही मराठीच बोलत राहा. चौथ्या-पाचव्या वाक्याला समोरचा ‘तुम्ही कुठले?’ विचारतो, आणि मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत, तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे ऐकल्यावर तुम्हाला लवकर सोडत नाही. कॅन्टीनमध्ये रोज जेवण्यापेक्षा एखाद्या काकूंकडे डबा लावा. त्या निमित्ताने शहरातलं एक घर तुम्हाला ओळखू लागतं.

अशी ओळख आजारपणात लागते. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर होते तेव्हाची गोष्ट पुण्यात अनेकांना माहीत आहे. मुलांच्या खोलीच्या खिडकीशी एक मुलगी येताना दिसली म्हणून त्यांनी चौकशी केली. ती काविळीने आजारी असलेल्या एका परदेशी विद्यार्थ्याला जेवण आणून देत होती. तो मुलगा मॉरिशसचा होता. परदेशी मुलांना इथे आपलं माणूस मिळावं, या विचारातून त्यांनी १९७१ मध्ये सिम्बायोसिस ही संस्था सुरू केली. तेव्हा ताप आला तर खोलीचं दार लावून पडून राहू नका. पावसाळ्यात इथे डेंग्यू असतो. पहिल्याच दिवशी रेक्टरना सांगा, डबेवाल्या काकूंना सांगा. आईला फोन करून काळजीत टाकण्याआधी डॉक्टरकडे जाऊन या. तिकडचं घड्याळ दीड तास मागे आहे, तेवढा वेळ मिळतो.

आणि एक हक्काची जागा सुचवते: ढोलपथक. गणपतीच्या साधारण दोन महिने आधी संध्याकाळचा सराव सुरू होतो. पथकं नव्या मुलामुलींना घेतात, वाजवायलाही शिकवतात. आपल्याकडच्या झाकरी या लोकनृत्याचा ठेका लहानपणापासून ऐकलेला हात इथे पटकन बसतो. खांदे आठवडाभर दुखतील, ढोलाचा दोर ओढून बोटं सोलवटतील, पण विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत तुम्हाला नावाने हाक मारणारे दादा आणि ताया भरपूर झालेले असतील. कॉलेजमध्ये पहिल्या आठवड्यात कुणालाही विचारा, वर्गात एखादा तरी पथकातला निघतोच.