सतराव्या शतकातले इंग्रजी पान कसे लावावे

लंडनमध्ये १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्याच वचनात 'हेवन' हा शब्द एच-ई-ए-यू-ई-एन असा दिसतो. ही छपाईची चूक नव्हे. तेव्हा यू आणि व्ही हे एकाच अक्षराचे दोन आकार होते. शब्दाच्या सुरुवातीला व्ही, मध्ये यू. उच्चार काहीही असो. म्हणून 'अपॉन' होतो व्ही-पी-ओ-एन. 'जस्टिस'ही जेऐवजी आयने सुरू होतो. अडलात की शब्द मोठ्याने म्हणा, कानाला तो लगेच सापडतो. मोडी कागद लावणाऱ्यांना हे नवे नाही. तिथेही ऱ्हस्व-दीर्घ संदर्भानेच ठरतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो लांब एस, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये येणारा एसचा उंच आकार. तो हुबेहूब एफसारखा दिसतो. रोमन टाइप (आजच्यासारखी सरळ उभी अक्षरे) असेल तर भिंग घेऊन आडवी रेघ पाहा: एफची रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते, लांब एसला फार तर डावीकडे छोटा अंकुर असतो. शब्दाच्या शेवटी मात्र नेहमीचा गोल एसच येतो. शाई पसरली असेल तर रेघेवर विसंबू नका, दोन्ही अक्षरे घालून कोणता शब्द बनतो ते बघा. संगणकही इथेच अडखळतो आणि 'बेस्ट'चे 'बेफ्ट' करतो. त्यामुळे १८०० पूर्वीच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांत शोधताना एसच्या जागी एफ घालून पुन्हा एकदा शोधा.

एकच शब्द एकाच पानावर दोन प्रकारे लिहिलेला आढळेल. ओळ दोन्ही कडांना भिडवायची म्हणून जुळारी (छापखान्यात खिळे जुळवणारे) शब्दाच्या शेवटी जादा ई घालत किंवा काढत. जागा कमी पडली की 'द'साठी वायच्या डोक्यावर बारीक ई बसवत. त्याचा उच्चार 'यी' करू नका, तो 'द'च आहे.

'म्युझिक'च्या शेवटी के दिसला म्हणून पान फार जुने समजू नका. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशातही तो आहे.

नक्कल करताना स्पेलिंग सुधारू नका. तुम्ही भरलेले अक्षर चौकटी कंसात टाका. मालकी दाखवणारा अपॉस्ट्रॉफी बहुधा नसतो, तोही घालू नका. पानाच्या तळाशी उजवीकडे एकटा शब्द असतो. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द, म्हणून नकलेत दोनदा घेऊ नका. तो पुढे जुळला नाही, तर मधले पान गहाळ आहे का ते आधी तपासा.