कांस्यमूर्तीवरची पोपटी पूड: संवर्धनात नव्याने येणाऱ्यांसाठी

फोटो काढणं, वजन-मापं घेणं, अवस्थेचा तक्ता भरणं हे सगळं तुम्हाला शिकवलेलं असतं, त्यावर वेळ घालवत नाही. बोलायचंय ते पोपटी पुडीबद्दल. नवी माणसं हमखास तिथेच फसतात आणि फसल्याचं कळतं तेव्हा पावसाळा लागलेला असतो. याची बोच लवकर जात नाही.

जमिनीतून निघालेल्या कांस्यावरचा प्रत्येक हिरवा थर वाईट नसतो. मॅलाकाइट, म्हणजे तांब्याच्या कार्बोनेटचा हिरवा थर, गडद आणि घट्ट असतो, सुईच्या टोकाने टोचला तरी हलत नाही. मूर्तीचं मूळ कोरीवकाम अनेकदा त्या थरातच टिकून असतं. त्याला हात लावू नका. ब्राँझ डिसीजची, म्हणजे क्लोराइडमुळे कांस्य आतून खात जाणाऱ्या रोगाची, पूड फिकट पोपटी, ठिपक्याठिपक्यांनी वर आलेली, टूथपिक लावताच गळणारी. शंका असेल तर मूर्तीखाली पांढरा कागद ठेवा. काही दिवसांत त्यावर हिरवी धूळ पडली, तर रोग जिवंत आहे.

आता सापळा. पूड ब्रशने झाडली, वरून मेण लावलं, मूर्ती देखणी दिसली, कपाटात गेली. जून उजाडला की त्याच जागी पुन्हा ठिपके. कारण मूळ पुडीच्या खाली आहे. मातीतलं क्लोराइड धातूपर्यंत झिरपून तिथे क्युप्रस क्लोराइड, म्हणजे नँटोकाइट, तयार झालेलं असतं. कोरड्या हवेत ते स्वस्थ बसतं. दमट हवा लागली की त्याची हिरवी पूड होते आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आतलं ताजं तांबं खातं आणि पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनतं. मेणाने हे थांबत नाही, बाष्प मेणातूनही हळूहळू आत जातंच.

म्हणून खालपर्यंत जावं लागतं. मायक्रोस्कोपखाली, दहा-वीस पट मोठं करून, स्काल्पेलच्या टोकाने पूड उचला. खाली खड्डा दिसेल. पुडीत पातं खरखरतं. तळाशी करडा, किंचित पारभासक थर लागला की ते एकदम मऊ चालतं, साबणाच्या वडीत शिरल्यासारखं. हेच नँटोकाइट. लालसर क्युप्राइट (तांब्याचं ऑक्साइड) किंवा धातू दिसेपर्यंत ते काढा आणि तिथे थांबा, धातू कोरत बसू नका. नखाएवढ्या जागेला अख्खा दिवस गेला तरी तो वाया गेलेला नाही.

मग अ‍ॅसिटोनने तेलकटपणा काढा आणि मूर्ती बेंझोट्रायझोलच्या (तांब्याचं गंजणं रोखणारं रसायन) द्रावात २४ तास बुडवा: १०० मिली इथेनॉलला ३ ग्रॅम. व्हॅक्यूमची सोय असेल तर उत्तम, खड्ड्यांतली हवा निघून द्राव तळापर्यंत पोचतो. बाहेर काढल्यावर इथेनॉलने पुसा, नाहीतर पांढरे स्फटिक दिसत राहतात. रसायन विषारी आहे. नायट्राइलचे हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) यांशिवाय हात लावू नका, घरी तर अजिबात नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. मूर्तीला लगेच लेप देऊ नका. झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाची ताटली ठेवा, मूर्तीला पाणी न लागेल अशी उंचावर ठेवा आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत २४ तास राहू द्या. नवा ठिपका उगवला तर पुन्हा स्काल्पेल, पुन्हा द्राव, पुन्हा डबा. दोन-तीन फेऱ्या होणं नेहमीचंच आहे, त्यात तुमचा हात कच्चा ठरत नाही. एखादा खड्डा दादच देत नसेल तर त्यात इथेनॉलमध्ये कालवलेला सिल्व्हर ऑक्साइड भरा. उरलेल्या क्लोराइडचं सिल्व्हर क्लोराइड होतं आणि तोंड बंद होतं. डबा कोरा निघाल्यावरच इन्क्रालॅक किंवा पॅरालॉइड बी-७२ यांसारखा अ‍ॅक्रिलिक लेप आणि वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण.

शॉर्टकटबद्दल माझं मत ठाम आहे. घरचे देव चिंच-मिठाने लख्ख निघतात, पण मीठ हे क्लोराइडच आहे आणि चिंच हिरवं कवच खाऊन टाकते. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं. डिस्टिल्ड वॉटरच वापरा. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावात महिनोन्‌महिने भिजवण्याची जुनी पद्धत क्लोराइड ओढून घेते खरी, पण पॅटिनाचा, म्हणजे धातूवर वर्षानुवर्षं चढलेल्या थराचा, रंग बदलते. ती शेवटचा उपाय म्हणूनच ठेवा. आणि गुरू निवडताना त्यांच्या चकचकीत ‘नंतरच्या’ फोटोंवर जाऊ नका. वर्षभराने तीच मूर्ती पुन्हा भिंगाखाली घेणारा माणूस शोधा.

डोळा तयार व्हायला वेळ लागतो, धीर सोडू नका. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची (ग्रीक समुद्रदेव) छोटी रोमन कांस्यमूर्ती आहे. अशा मूर्तींसमोर सावकाश उभं राहा. कुठे थर घट्ट बसलाय, कुठे खड्डा आहे, हे नुसत्या नजरेने ओळखत जा.

ठेवणीत आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी, ३५ असेल तर निर्धास्त. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती सहज ८०च्या वर असते, त्यामुळे उघडं शेल्फ विसरा. प्लायवुडचं कपाटही नको, त्यातून आम्लाची वाफ सुटते. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत नारिंगी सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांना वाळवून परत भरा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला आकडा वहीत टिपा आणि मूर्तीखालचा पांढरा कागद तारीख घालून बदला.