ज्वारीच्या पिठाचा ॲपल क्रंबल

खाली शिजलेलं सफरचंद, वर लोणी-पिठाचा खुसखुशीत चुरा, असा हा साधा पदार्थ. सोलापुरात तो बिघडतो बहुतेक वेळा बटरमुळे. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना फ्रीजबाहेर काढलेलं बटर बघता बघता मऊ पडतं आणि चुऱ्याऐवजी पिठाचा गोळा होतो. म्हणून आधी १०० ग्रॅम बटरचे बोराएवढे तुकडे करून २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. पिठाचं पातेलंही फ्रीजमध्ये जाऊ द्या.

हिमाचल-काश्मीरची नवी फळं मुख्यतः ऑगस्टपासून येतात. सप्टेंबर ते डिसेंबर हा उत्तम काळ. उन्हाळ्यात मिळणारी सफरचंदं शीतगृहातली असतात, त्यातली बरीच आतून पिठूळ निघतात आणि भट्टीत त्यांचा गाळ होतो. बोटाने दाबून कडक लागतील तीच घ्या. लाल डेलिशस गोड असतं पण आंबटपणा कमी, म्हणून किलोभर फळांत एक-दोन हिरवी आंबट सफरचंदं मिसळा. ती मिळाली नाहीत तर एका मोठ्या लिंबाचा रस पुरतो.

१ किलो सफरचंदं सोलून, बियांचा भाग काढून दोन सेंटीमीटरच्या फोडी करा. बारीक चिरलं की शिरा होतो. त्यात ५० ग्रॅम साखर, अर्धा चमचा दालचिनी पूड आणि हिरवी सफरचंदं नसतील तर लिंबाचा रस घालून २० मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी गाळून छोट्या पातेल्यात अर्धं होईपर्यंत आटवा आणि परत फोडींवर ओता. गार झाल्यावर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरून कालवा. पाणी आटवायचा कंटाळा केलात तर तळाशी सार साचतं आणि चुरा खालून भिजतो.

आता चुरा. मैदा १०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ ६० ग्रॅम, साखर ७० ग्रॅम. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे चुरा चिवट होत नाही, आणि मालदांडी जातीच्या ज्वारीच्या पिठाला भाजल्यावर छान खमंग वास येतो. मात्र सगळीच ज्वारी घेतली तर तोंडात रवाळ लागते. भाकरीसाठी विरी गेलेलं पीठ इथे चालतं, कारण चिकटपणा नकोच आहे. कडवट मात्र नसावं, आधी चिमूटभर चाखून बघा. थंड बटर पिठात टाकून फक्त बोटांच्या टोकांनी चोळा, तळहात लावू नका. काही कण रव्याएवढे, काही हरभऱ्याएवढे राहिले की थांबा. शेवटी ४० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे जाडसर कुटून घाला. चटणीसारखे बारीक कुटले तर तेल सुटतं. नेहमीचं पिवळं बटर खारट असतं, तेव्हा वेगळं मीठ नको. आणि हे सगळं पंख्याखाली करू नका, मैदा घरभर होईल.

गोळा झालाच तर फेकू नका. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून जाड किसणीवर किसा, काम भागतं.

२० ते २२ सेंटीमीटरच्या काचेच्या भांड्यात फोडी पसरा आणि वर चुरा सैल टाका. दाबला की वाफ कोंडते आणि त्याची वडी होते. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १८० अंश सेल्सिअसवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून १५ मिनिटं आधी तापवा, मग मधल्या कप्प्यात ४० ते ४५ मिनिटं. कडेने रस दाट होऊन बुडबुडे आले पाहिजेत, कारण कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ पोचल्याशिवाय नीट घट्ट होत नाही. वरून आधीच काळपट व्हायला लागलं तर फॉइल सैल झाका. मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका. आतल्या उष्णतेवर शिजणं थोडा वेळ चालू राहतं.

ओटीजी नसेल तर कढईत बेक करण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे वरून आच लागत नाही, चुरा पांढरा आणि ओला राहतो. त्यापेक्षा फोडी झाकण ठेवून कढईत शिजवा आणि चुरा जाड तव्यावर मंद आचेवर, सतत नाही पण अधूनमधून हलवत, १२ ते १५ मिनिटं तांबूस भाजा. वाढताना एकावर एक.

भट्टीतून काढल्यावर २० मिनिटं थांबा, नाहीतर रस पातळ वाटतो आणि जीभ भाजते. सोबत आइस्क्रीम किंवा थंड बासुंदी. उरलेला फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. परत गरम करायचा तर ओटीजीतच करा, मायक्रोवेव्हमध्ये चुरा मऊ पडतो. कच्चा चुरा डब्यात भरून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतो, आणि तसाच गोठलेला फोडींवर टाकता येतो.