प्रेशरवाली पिचकारी: या चुका टाळा

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी इंदूरच्या राणीपुरा बाजारातून पिचकारी आणायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी "काका, हिच्यात दमच नाही" म्हणत माझ्या दारात उभं राहायचं, हे आमच्या कॉलनीत दरवर्षीचं. दम असतो हो, तुम्हीच तो घालवता.

पहिली चूक म्हणजे टाकी काठोकाठ भरणं. अरे, पाणी बाहेर फेकतं कोण? दाबलेली हवा. तिला जागाच ठेवली नाहीत तर हात दुखेपर्यंत पंप मारा, थोडा वेळ धार आणि मग टपटप. मी तिसरा हिस्सा रिकामा ठेवतो, पोरांना ते पटत नाही, त्यांना जास्त पाणी म्हणजे जास्त मजा वाटते. ही सगळी करामत लॉनी जॉनसनची, नासासाठी काम केलेला इंजिनियर. 1982 मध्ये फ्रिऑन या फ्रिजच्या वायूऐवजी पाण्यावर चालणारा हीट पंप, म्हणजे उष्णता इकडून तिकडे नेणारं यंत्र, करायला गेला, घरच्या बाथरूमच्या नळाला स्वतः बनवलेलं नोझल लावलं, धार अशी सुटली की डोक्यात पिचकारीच आली. 1990 ला ती 'पॉवर ड्रेंचर' म्हणून विकायला आली, पुढच्या वर्षी नाव 'सुपर सोकर' झालं. आधीच्या साध्या खेळण्यांत बोटाचा जोर तेवढीच धार, इथे पंपाने जोर आधीच साठवायचा आणि ट्रिगरने फक्त वाट मोकळी करायची. पण पाणी संपत जातं तशी हवा पसरते आणि जोर उतरतो. त्यावर 1996 च्या सीपीएस 2000 या 'सुपर सोकर'च्याच मॉडेलमध्ये रबरी फुगा घातला, तो आकसत पाणी ढकलतो, म्हणून धार शेवटपर्यंत जवळपास एकसारखी. आपल्या बाजारातल्या स्वस्त मालात कुठला फुगा, तेव्हा हवा ठेवा.

आता माझं डोकं फिरवणारी चूक. सुका गुलाल थेट टाकीत. शेजारच्या जोशीकाकूंचा नातू गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर जायचं म्हणून सकाळपासून नाचत होता. तिथे टँकरमधून रंग उडतो, तिसऱ्या मजल्यापर्यंत, आणि याची धार बंद! घाई इतकी की कुणाला विचारलं नाही, आईच्या पेटीतली मोठी सुई घेतली आणि नोझलमध्ये खुपसली. भोक लांबट झालं, धारेचा फवारा झाला. संध्याकाळी ओट्यावर उघडून बघतो तर नोझलमध्ये काहीच अडकलेलं नव्हतं, सगळा लगदा आतल्या व्हॉल्व्हच्या वायसरखाली, गुलाबी, पिठल्यासारखा घट्ट, त्यामुळे वायसर नीट बसतच नव्हता आणि दाब मागे पळत होता. वायसर धुऊन पाच मिनिटांत काम झालं असतं. नोझल मात्र कायमचं गेलं. रंग बादलीत कालवा, जुन्या साडीच्या फडक्यातून दोनदा गाळा, मग भरा. एवढा धीर नसेल तर नुसतं पाणी उडवा ना.

गळतीवर फेविक्विक लावू नका, रबर कडक होतं. पेट्रोलियम जेलीही नको, काही रबर तिने फुगतात, सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका पुरतो. पंप भरलेली पिचकारी उन्हात गच्चीवर ठेवू नका, आणि डोळ्यांवर तर कुणाच्याच मारू नका. सण झाला की झाकण उघडं ठेवून उलटी वाळवा.

हँडल तुटलं असेल तर माझ्याकडे आणू नका, नवीनच घ्या.