होल्ड लावण्याआधी आवृत्त्या उघडून बघा

आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली, तेव्हा तिच्यासाठी मी इथल्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये 'श्यामची आई' शोधलं. एकच कार्ड दिसलं, त्यावर हिरव्या अक्षरांत 'उपलब्ध'. लगेच होल्ड लावला, म्हणजे प्रत माझ्यासाठी राखून ठेवायला सांगितली. नऊ दिवसांनी हातात आलं ते इंग्रजी भाषांतर. आईने पहिलं पान उघडलं आणि हळूच मिटून ठेवलं. त्यानंतर मी हे कॅटलॉग नीट समजून घेतले.

शोधाच्या यादीत दिसणारं कार्ड म्हणजे एक पुस्तक नव्हे. ती मोळी असते. आत त्याच कृतीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, ई-बुक, ऑडिओबुक, आणि प्रत्येक आवृत्तीच्या प्रती. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे 2011 पासून भारतात त्यांच्या लेखनावर प्रताधिकार उरला नाही आणि तिथे कुणाही प्रकाशकाला 'श्यामची आई' छापता येते. प्रत्येकाचा आयएसबीएन, म्हणजे आवृत्तीचा ओळख क्रमांक, वेगळा. ही मोळी संगणक बांधतो, मुख्यतः शीर्षक आणि लेखकाचं नाव जुळवून. भाषांतराचं शीर्षकही 'श्यामची आई' असलं, की ते मराठी पुस्तकाशेजारी जाऊन बसू शकतं.

उलटंही होतं, आणि मराठी वाचकाला ते जास्त नडतं. अमेरिकी ग्रंथालयांच्या लिप्यंतरात 'च'साठी नुसतं 'सी' लिहितात, आपण सवयीने 'सीएच' टाइप करतो. एका नोंदीत लेखक 'साने गुरुजी', दुसरीत 'पांडुरंग सदाशिव साने'. मग एकाच पुस्तकाची दोन-तीन कार्डं होतात. देवनागरीत शोधून बघाच, पण नोंद करताना कुणी देवनागरी शीर्षक भरलेलं असेल तरच ते सापडतं. शून्य निकाल आला म्हणून पुस्तक नाही असं समजू नका. मी आता लेखकाच्या रकान्यात आडनाव टाकते आणि भाषेच्या गाळणीत 'मराठी' निवडते. रकाना मात्र 'लेखक' हाच हवा. साध्या शोधात रोमन अक्षरांतलं 'साने' टाकलं तर त्याच स्पेलिंगच्या इंग्रजी शब्दामुळे भलतीच पुस्तकं येतात.

कार्ड सापडलं की 'सर्व आवृत्त्या' किंवा तशा अर्थाचा दुवा उघडा. प्रत्येक ओळीत भाषा, प्रकाशक, वर्ष वाचा. होल्डचं बटण त्या ओळीतलंच दाबा. कार्डावरचं बटण दाबलं तर कुठली आवृत्ती येईल ते कित्येकदा प्रणालीच ठरवते. पुस्तकभिशीत एकच पुस्तक मिळून वाचताना सगळ्यांना सारखी पानं हवी असतील तर हे फार महत्त्वाचं आहे.

'उपलब्ध' हा शब्द जपून वाचा. मोळीतली कुठलीही एक प्रत, कुठल्याही शाखेत मोकळी असली तरी तो कार्डावर झळकू शकतो. माझे नऊ दिवस त्यातच गेले, प्रत दुसऱ्या गावच्या शाखेत होती. म्हणून आवृत्तीखालची प्रतींची यादी उघडा आणि शाखेचं नाव बघा. 'इन ट्रान्झिट' म्हणजे प्रत दोन शाखांच्या मधे गाडीत आहे. 'ऑन ऑर्डर' म्हणजे मागवली आहे, अजून आलेली नाही. रांग असेल तर हिशोब सोपा: 12 होल्ड, 3 प्रती, तीन आठवड्यांची मुदत, म्हणजे शेवटच्या माणसाला साधारण 12 आठवडे. ई-बुकचीही रांग असते, कारण पुष्कळ परवाने एका वेळी एकाच वाचकाला देता येतील असेच असतात.

मोळी चुकीची बांधलेली दिसली तर काउंटरवर जरूर सांगा. कर्मचाऱ्यांना बऱ्याच प्रणालींत नोंदी वेगळ्या करता येतात, पण मराठी न येणाऱ्या माणसाला ती चूक दिसणारच नाही. दोन्ही आवृत्त्यांचे आयएसबीएन आणि 'यातली एक मराठी आहे, दुसरी इंग्रजी' एवढं एक वाक्य लिहून दिलं तरी पुरतं.